मागच्या खोलीचं सारवण

सोमवार, १८ नोव्हेंबर १९७४

चांगदेवला भाऊ म्हणायचं मी सोडलं, हे आधी लिहिते. अंजूरचं शेत गोडाऊनवाल्याला दिलं ते दिलं, मला विचारलंसुद्धा न्हाय. वर त्याची बायको म्हणते, वन्सं, तुमचं अंथरूण आता गोठ्यात टाका. गोठ्यात! नवऱ्यानं टाकलेली म्हणून बावीस वर्षं मान खाली घालून राबले, त्याचा हा मान. अंथरूण उचललं आणि सरळ भिवंडीची गाडी धरली. गोठ्यात तिनंच झोपावं.

आता मी दाजी फौजदारांच्या घरी कामाला हाय. आणि झकास हाय. मला वेगळी खोली, दोन वेळचं पोटभर जेवण. फौजदार इंग्रजांच्या वेळचे. वय अठ्ठ्याहत्तर, बायको कधीच वारली, मूलबाळ न्हाय. म्हणाले, ठाण्यापासून नाशकापर्यंतचे चोर मला चळचळा कापायचे. मी म्हटलं, आता ते सगळे मेले असतील. हसले. माणूस बरा वाटतो.

ही वही त्यांनीच दिली. मी चौथी पास म्हटल्यावर खूश झाले. पोलीस ठाण्यात लिहायचे तशी घरातली रोजनिशी लिहायची, कोण आलं, काय काम झालं. संध्याकाळी ते वाचून खाली लाल पेन्सिलीनं सही करणार. खुळेपणा हाय. पण लिहिते.

फरशी फक्त पुढच्या खोलीत. बाकी मातीची जमीन. दोन्ही अंगांना लूमचे कारखाने, चोवीस तास खडखड. एकच सांगून ठेवलंय, मागची खोली झाडायची, सारवायची न्हाय. बरं झालं, तेवढंच काम कमी.

बुधवार, २० नोव्हेंबर

शेण ठकुबाई आणून देते. कशेळीची, म्हशी हायत तिच्या. बाई विचित्र. पाटी गल्लीत ठेवते, अंगणात पाय टाकत न्हाय. मी म्हटलं, ये की गं आत, म्हातारा चावत न्हाय, दात पडलेत त्याचे. म्हणाली, चावून झालंय त्याचं. आणि गेली तरातरा.

स्वयंपाकघर आणि माझी खोली सारवली. पलीकडच्या भिंतीपासून सुरू करायचं आणि मागं सरकत दारात यायचं, म्हणजे ओल्यावर पाय पडत न्हाय. हे मला सहा वर्षांची असताना कळत होतं. प्रत्येक बाईचा हात वेगळा. आईचं सारवण कुठलं आणि काकूचं कुठलं, मी उंबऱ्यातून सांगायची. माझे फटकारे उजवीकडं वळतात, अर्ध्या भाकरीसारखे. छान दिसतंय.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

आज फौजदारांनी पेटीतून जुने कागद काढले. त्यांची सगळ्यात मोठी केस, १९३४ सालची, ह्याच घरातली. गोदू नावाची बाई इथं दाजींकडंच कामाला होती. एका संध्याकाळी खाडीवर जाते म्हणून निघाली ती परत आली न्हाय. हिनं हिला पाहिलं, त्यानं त्याला पाहिलं, अशा साक्षी जोडत दाजींनी छडा लावला. कशेळीचा होडीवाला सावळाराम. त्याच्या होडीत गोदूची नथ सापडली. मारून खाडीत टाकली असं ठरलं, प्रेत काही मिळालं न्हाय. जन्मठेप झाली, ठाण्याच्या तुरुंगातच मेला. गोऱ्या साहेबानं दाजींची पाठ थोपटली. पंचनामा त्यांनी मला खणखणीत आवाजात वाचून दाखवला. मागील खोली नुकतीच सारवलेली, जमीन ओली, झटापटीच्या खुणा नाहीत.

जेवण झाल्यावर मागची खोली झाडायला गेले तर जमीन ओली. सारवलेली. मी केलेलं न्हाय. फटकारे डावीकडं वळलेले.

ठकुबाई आत आली होती का, विचारलं. दाजी मिशी पिळत होते. मिशीवरचा हात तसाच राहिला.

रविवार, २४ नोव्हेंबर

आजपासून हे वहीच्या शेवटच्या पानापासून लिहिते. म्हातारा पुढून वाचतो.

भाजी निवडताना डोक्यात आलं आणि हात थांबला. गोदू आदल्या संध्याकाळी गेली. पंचनामा दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, एप्रिल महिना. सारवण दोन तासांत वाळतं, उन्हाळ्यात त्याच्याही आधी. मग पहाटे सारवलं कुणी? दाजींची बायको तेव्हा माहेरी, हेही कागदात हाय. दुसरी बाई घरात न्हाय. पाच पंच उभे राहिले, पाचही पुरुष. एकानं तरी जन्मात शेणात हात घातला असेल तर शपथ. ओली जमीन बघितली, लिहिली, आणि घरी गेले.

एकही बाई तिथं उभी असती तर तेव्हाच विचारलं असतं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

ठकुबाईला गल्लीत गाठलं. गोदूचं नाव काढलं तशी पाटीच सोडली तिनं. सावळाराम तिचा बाप. ती नऊ वर्षांची होती. म्हणाली, नथ होडीत सापडली ती एकट्या फौजदाराला, बरोबर कुणी न्हाय. आजही भांडण झालं की शेजारी खुन्याची पोर म्हणतात. गोदूला दिवस गेले होते, बायका कुजबुजायच्या. कुणाचे, ते बोलायची छाती न्हाय. मी विचारलं, गोदू डावरी होती का. ठकुबाईनं माझा हात धरला. म्हणाली, तुला कुणी सांगितलं?

दुपारी वीज गेली. सगळे लूम थांबले. तेव्हा ऐकलं मी. मागच्या खोलीत. सर्र— सर्र— ओल्या मातीवर तळवा फिरतो तसा.

गेले. कुणी न्हाय. जमीन ओली. सगळी सारवलेली, फक्त मधे एक जागा कोरडी सोडलेली. माणूस आडवा झोपेल एवढी.

शेवटचा फटकारा उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात आलेला.

बुधवार, २७ नोव्हेंबर

स्वयंपाकघर सारवलंय. माझ्या फटकाऱ्यांवरून, डावीकडं.

माझ्या अंथरुणापर्यंत आलंय.

उठले तर डाव्या हाताच्या नखांत शेण. वाळलेलं. मी धुतलं, घासलं. मी उजवी हाय. जन्मात डाव्या हातानं काही केलं न्हाय. कोपरापर्यंत दुखतोय, दिवसभर राबल्यासारखा.

चांगदेवच्या गोठ्यात जाते. खरंच जाते. उद्या सकाळी पहिल्या गाडीनं. दाजींना सांगितलं. नुसती मान हलवली.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

पुढच्या दाराला आतून कुलूप. किल्ली त्यांच्या कमरेला. मागितली तर म्हणाले, तपास पुरा होईपर्यंत कुणी बाहेर जायचं न्हाय. फौजदाराच्या आवाजात. मला. ह्या वयात.

वही उघडली. मागची पानं. रविवारच्या पानाखाली लाल सही. मंगळवारच्या पानाखाली लाल सही. सगळं वाचलंय त्यानं—

ठकुबाईनं गल्लीतून दोनदा हाक मारली. मी ओरडले. लूमच्या खडखडाटात माझं मलाच ऐकू आलं न्हाय.

कुदळ बघितली मी. त्याच्या खोलीच्या दाराशी टेकवलेली. नवी.

शुक्रवार

उजवा हात मांडीखाली दाबून बसलेय, तरी लिहिणं चाललंय. पेन्सिल डाव्यात हाय. मी घेतलेली न्हाय— सोडायला जाते तर बोटं उघडत न्हाईत—

अक्षर माझंच. गोदूला लिहिता येत नसणार, म्हणून माझं घेतलं तिनं—

तो पलीकडं खोकतोय. उठलाय. काठी वाजतेय—

आता मी लिहीत न्हाय, देवा, मी लिहीत—

दाजी. गोदू बोलते. पहाटे तू सारवलंस. उलटं सारवलंस, दारापासून भिंतीकडं, आणि मग ओल्यावरून चालत बाहेर आलास. माझ्या अंगावरून. चाळीस वर्षं मी पुसते, तुझे पाय निघत न्हाईत. ह्या बाईला हात लावायचा न्हाय. कुलूप काढ. पोलीस ठाण्यात जा, सावळारामच्या लेकीला समोर बसव आणि तुझ्या तोंडानं सांग मी कुठं हाय. सोमवारी सकाळपर्यंत. सोमवारी उत्तर आलं न्हाय तर दाजी, मी खोलीत थांबणार न्हाय, मी तुझ्या—