चार पदव्या आणि एक बावखल

मी, जुलियाना इस्तेव तुस्कानो, वय वर्षे त्र्याहत्तर, अविवाहित, संख्याशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार सांडोर, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. स्वखुशीने म्हणजे कुणाच्या दडपणाखाली नव्हे, एवढाच अर्थ घ्यावा. खुशीचे यात काही नाही, मी संतापलेली आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केले नव्हते, कारण मी मरेपर्यंत माझी माणसे थांबतील असा माझा समज होता.

माझी माणसे म्हणजे माझा दिवंगत भाऊ ॲन्सेल्म याची पत्नी विनी आणि त्यांची चार मुले. थोरला जेन्सन सिव्हिल इंजिनीअर, ऑस्कर अर्थशास्त्राचा एम.ए., रोवेना वकील आणि धाकटा डिलन मीडिया स्टडीज शिकलेला. चौघांच्या प्रवेशाच्या वेळी विद्यापीठाच्या खिडकीसमोर त्यांच्याबरोबर मी उभी होते. कुठला विषय घ्यावा यावर आमच्याकडे जेवण थंड होईपर्यंत वाद चालत. घरातच विद्यापीठ भरलंय, असे ॲन्सेल्म कौतुकाने म्हणायचा. त्या विद्यापीठाने माझे काय केले, ते लिहिल्याशिवाय मिळकतीची वाटणी कुणाला समजणार नाही.

गेल्या वर्षी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि मी काही दिवस शुद्धीवर नव्हते. माणूस जाण्याआधीच त्याचा मृत्युलेख तयार ठेवायचा असतो, असे डिलनला त्याच्या अभ्यासक्रमात शिकवले होते. त्याप्रमाणे त्याने माझा श्रद्धांजलीचा व्हिडिओ केला. व्हायोलिन, मेणबत्ती, माझा फोटो, सगळे साग्रसंगीत. भावंडांना दाखवायला म्हणून पाठवला तो गावाच्या ग्रुपवर. मग काय, चर्चमध्ये मयताची घंटा झाली, बायका रोझरी घेऊन दारात बसल्या, कबर खणायलाही माणूस गेला. विनीने सगळ्यांच्या हातापाया पडून तो गोंधळ निस्तरला.

चूक होते, मी समजू शकते. पण शेजारच्या होळी गावचे आमचे जुने स्नेही, केळीचे बागायतदार पांडुरंग राऊत, घंटेची बातमी ऐकून आमच्या बागायती वाडीवर आले होते. मी शुद्धीवर आल्यावर ते मला भेटले आणि म्हणाले, "बाय, तुम्ही गेल्या म्हनून आलो, तर जेन्सन बावखलाच्या कडेला खुंटे मारत होता. मी इचारलं, मयत कवा हाय? तर बोलला, माप झालं का सांगतो."

बावखल म्हणजे वाडीतले आमचे गोड्या पाण्याचे तळे. पणजोबांनी खणलेले. माझी केळी त्यावर जगते आणि उन्हाळ्यात शेजारच्या विहिरींना पाणी राहते तेही त्याच्यामुळे. ते बुजवून तिथे इमारत करण्याचा आराखडा जेन्सनकडे तयार होता. बावखलाची किंमत शून्य, कारण पाणी विकले जात नाही, असा अहवाल ऑस्करने लिहिला होता. लोकांची इमारतीला पसंती असल्याचे सर्वेक्षणही त्याने जोडले होते. विचारले कुणाला, तर तिथे घर घेऊ इच्छिणाऱ्यांना. असला नमुना माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गात कुणी आणला असता तर मी त्याला बाकावर उभे केले असते. आणि रोवेना! मी डोळे उघडून पुरते दोन दिवस झाले नव्हते, तेव्हा ती उशाशी येऊन म्हणाली, "आत्या, इन्शुरन्सचा पेपर आहे, सही करून टाक." तो कुलमुखत्यारपत्राचा कागद होता. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासले आहेत, वाचल्याशिवाय सही करत नाही.

पाण्याला किंमत नाही असे कुठल्या पुस्तकात शिकवतात, ते मला एकदा बघायचे आहे. आमच्या काळी विषयांच्या भिंती होत्या म्हणून मी भांडायचे. या चौघांनी भिंती पाडून सगळे विषय एकत्र आणले, ते कशासाठी, तर म्हातारी जिवंत असताना तिचे तळे बुजवण्यासाठी. मला याचे दुःख झाले आहे आणि ते अजून गेलेले नाही.

सबब माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्यवस्था व्हावी.

१. राहते घर विनीला द्यावे. तिने मला हॉस्पिटलात रोज पेज आणली आणि एकदाही वाडीचे नाव काढले नाही. तिच्या मुलांनी तिला त्या घरातून हलवू नये.

२. बँकेतील ठेव मी शिकवले त्या महाविद्यालयाला द्यावी. तिच्या व्याजातून संख्याशास्त्रात नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसणाऱ्यांची फी भरावी. पहिल्या येणाऱ्यांचे सत्कार पुष्कळ होतात. निकाल चांगला दिसावा म्हणून मला गुण वाढवायला सांगणाऱ्या माजी प्राचार्यांचे नाव या निधीला देऊ नये. ते मागतील.

३. जेन्सनला माझ्या वडिलांची लोखंडी मापपट्टी द्यावी. मापायची इतकी घाई आहे, तर स्वतःची असावी.

४. ऑस्करला नमुना निवडीवरील माझी सर्व पुस्तके द्यावीत. त्याने ती वाचावीत.

५. डिलनला फोटोंचे आल्बम द्यावेत. त्याच्या व्हिडिओत माझा म्हणून जो फोटो होता, तो माझ्या मावशीचा, इनेझचा. चौघांपैकी एकाच्याही ते लक्षात आले नाही. हे मी कुणाला बोलले नव्हते, इथे लिहून ठेवते. वरच्या सगळ्यापेक्षा हे मला जास्त लागले.

६. माझ्या मयताची घंटा पांडुरंग राऊत यांनी मला प्रत्यक्ष पाहिल्यावरच वाजवावी.

७. वाडी, बावखलासह, रोवेनाला द्यावी. वाचणाऱ्याला आश्चर्य वाटेल, मलाही वाटले होते. मी घरी आल्यावर तिघे भाऊ पाया पडले, गैरसमज झाला म्हणाले, नारळपाणी घेऊन आले. रोवेना पाया पडली नाही. म्हणाली, "गैरसमज काही नाही, आत्या. तू सही केली असतीस तर मी बावखल भरू दिलं असतं. मी खोटं बोलले तुझ्याशी." माझ्या तोंडावर खरे बोलणारी ती एकटीच. ती अजूनही मला पूर्ण आवडत नाही, पण वाडी देईन तर तिलाच. काही कारणाने तिला घेता आली नाही, तर वाडी सांडोरच्या बावखल राखण मंडळाकडे जावी आणि पाणी सर्वांसाठी राहावे. मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्याचे कामही रोवेनानेच करावे.

८. हे कलम मी आज, सह्या होण्यापूर्वी, टेबलावरच हाताने वाढवत आहे. वरील मजकूर सर्वांसमोर वाचून दाखवला. दुसरे साक्षीदार युजीन मास्तर खिशातून पेन काढत होते, ते रोवेनाने त्यांच्या हातून घेतले.

"दुसरी साक्ष मी करते."

मी म्हटले, "वकील ना तू? साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा आपला वारसा कायदा आहे. सही केलीस तर वाडी गेली तुझी."

"माहितीय. म्हणूनच करते. आत्या, माझ्याकडे दिलीस ना, तर थोडी वर्षं मी यांच्याशी भांडेन. मग दमेन. मग विकून टाकेन. मला माहितीय मी कशी आहे ते. मंडळाकडे जाऊ दे."

ऑस्कर "वेडी आहेस का?" म्हणून उठला. जेन्सन खिडकीतून बाहेर बघत राहिला. मला आधी रागच आला, की मी एवढे मन मोठे करून देते आहे आणि ही नको म्हणते! मग मी विनीच्या खांद्यावर डोके ठेवून रडले. ते सर्वांनी पाहिले आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. कलम सात मी खोडलेले नाही आणि खोडणार नाही. मी वाडी रोवेनाला दिली होती, हे कागदावर राहिले पाहिजे.

हे सर्व मी वाचून, समजून, शुद्धीवर असताना लिहिले आहे आणि खालील दोघांच्या समोर सही केली आहे. त्या दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या आहेत.

ठिकाण: सांडोर, वसई
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार:
(सही) जुलियाना इस्तेव तुस्कानो

साक्षीदार:
१. (सही) पांडुरंग दामोदर राऊत, बागायतदार, राहणार होळी
२. (सही) रोवेना ॲन्सेल्म तुस्कानो, वकील, राहणार सांडोर, लिहून ठेवणारीची भाची