कानाला पोचलेला हात

७ जुलै १९८६, सोमवार

तिसरी! अख्ख्या जिल्ह्यात तिसरी.

चौथीच्या शिष्यवृत्तीचा निकाल आज आला. ग्रामीण यादीत पंचफुला व्यंकटी सोनकांबळे तिसरी. आमची शैला पास. नुसती पास. यादीत तिचं नाव कुठंच नाही. मी यादी तीनदा वाचली, मग उलट्या बाजूनं वाचली.

दोघींना शिकवलं मीच. वर्ग एक, फळा एक, बाई एक. एकीची आई रोजगार हमीवर खडी फोडते आणि दुसरीची आई मी.

हेडमास्तर अण्णाराव सर पेढे घेऊन वर्गावर आले. "बाई, लातूर जिल्हा झाल्यापासून पहिल्यांदा नाव लागलं बघा आपल्या शाळेचं. उस्मानाबादच्या टायमाला कोण विचारत होतं आपल्याला? हे यश तुमचं हाय." मी हसले. गाल दुखेपर्यंत हसले. पेढा कडू लागला असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? पेढा गोड होता. त्याचाच जास्त राग आला.

घरी आल्यावर हे म्हणाले, "तुझ्याच वर्गातली ना ती? मग तोंड का एवढंसं?" भाकरी करपली.

८ जुलै

दर्शनी फळा लिहिला. अक्षर चांगलं म्हणून आठ वर्षं हे काम माझ्याच गळ्यात. डाव्या बाजूला 'येणारे कार्यक्रम' — १५ जुलै वृक्षारोपण, १ ऑगस्ट भाषणं, १५ ऑगस्ट झेंडावंदन आणि गुणवंतांचा सत्कार. उजव्या बाजूला 'आमचे गुणवंत'.

तिचं नाव साध्या पांढऱ्या खडूनं लिहिलं. सर म्हणाले, रंगीत खडूनं सजवा की. म्हटलं, संपलेत. ड्रॉवरमध्ये चार होते.

१० जुलै

टँकरच्या रांगेत थांबून पंचफुला आजही उशिरा आली. इतर कुणी असतं तर दाराबाहेर उभं केलं असतं. हिला कसं करणार? जिल्ह्यात तिसरी ना! यंदा त्यांच्याबरोबर मीही पाचवीला आले, म्हणजे हे वर्षभर बघायचं आहे.

आणखी एक आज कळलं. लातूरहून मुद्दाम मागवलेली गाईड शैलानं तिला महिनाभर दिली होती. माझ्या पैशांची गाईड! मी बोलले, जरा जास्तच बोलले. शैला रडत म्हणाली, "आई, गाईड माझी होती, पण गणितं मला तिनंच समजावली."

म्हणजे मी समजावलेली समजली नव्हती.

१४ जुलै

पत्र आलं. लातूरच्या मुलींच्या वसतिगृहात प्रत्येक तालुक्यातून एक मुलगी घेणार. दहावीपर्यंत राहणं, जेवण, शाळा सगळं फुकट. नळाचं पाणी दोन वेळा, असंही सर वाचून दाखवत होते. आपल्या तालुक्यातल्या मुलींत मार्कांनी पहिली पंचफुला. तिच्या मागोमाग शैला. पहिलीनं सोडली तर जागा दुसरीला.

दुसरीला. हा शब्द दिवसभर डोक्यात फिरत राहिला.

अट एकच. जन्म १ जून १९७५ नंतरचा पाहिजे. शाळेच्या रजिस्टरातले दोघींचे उतारे ३१ तारखेच्या आत पाठवायचे. सर म्हणाले, काढा रजिस्टर. काढलं.

पंचफुलाची जन्मतारीख — १ जून १९७५.

एका दिवसानं बाद! सर डोक्याला हात लावून बसले. मी रजिस्टरकडं बघत राहिले. अक्षर माझंच. छातीत काहीतरी हललं आणि ते दुःख नव्हतं. इथं कोण वाचतंय, म्हणून लिहिते.

१५ जुलै

वृक्षारोपण झालं, म्हणजे खड्डे खणले. रोपं पाऊस पडल्यावर आणायची. फळ्यावर 'उत्साहात संपन्न' लिहिलं.

ती तारीख कशी आली ते आठवतंय. जून ८२. पहिलीचे प्रवेश मी लिहीत होते. पंचफुलाची आई नागाबाई तिला घेऊन आली. जन्म कधीचा? माहीत नाही. इथं कुणालाच माहीत नसतो. मग आमची नेहमीची रीत — पोरानं उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायचा. हात पोचला तर सहाचं, नाही पोचला तर पुढच्या वर्षी या. पंचफुलाचा हात तुरीच्या काटकीसारखा. कानाला पोचून खाली गालापर्यंत आला. मी म्हटलं, ही सातची असेल. लिहून टाकलं. तारीख सगळ्यांना एकच, १ जून. अर्धा गाव माझ्या कृपेनं एकाच दिवशी जन्मलाय.

हात लांब होता, एवढंच. वय नव्हतं.

१६ जुलै

सरांनी नागाबाईला कामावरून बोलावलं. तोंडावर खडीची पांढरी धूळ घेऊन दारातच उभी राहिली. मी खुर्ची पुढं केली तरी बसली नाही.

सर म्हणाले, "नीट आठव. कवा झाली ही?"

"सुगीत झाली, सर. ज्वारी काढत होतो. गावात लाईट आली बगा त्या साली. पहिला बलब ग्रामपंचायतीत लागला आन् चौथ्या दिसी ही झाली. समदे म्हणत, लाईट घेऊन आली पोरगी."

लाईट ७६ च्या माघात आली. पंचायतीच्या भिंतीवर तारीख रंगवलेली आहे. म्हणजे पोरगी नियमात बसते, तेही आठ महिने राखून.

सरांचा चेहरा उजळला. "मग तर झालंच. गावातल्या जन्माची नोंद कोतवाल बुकात असणार. तहसीलातून तेवढी नक्कल आणली की रजिस्टर दुरुस्त करता येतं. बाई, तुम्ही शनिवारी अहमदपूरला बाजाराला जाताच. घेऊन या."

मी "हो" म्हटलं. नागाबाई माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई हायत म्हणल्यावर मला काय घोर न्हाई."

१९ जुलै, शनिवार

सकाळची शाळा करून अकराच्या गाडीनं अहमदपूर. तहसील स्टँडपासून चार पावलांवर. समोरच्या लिंबाखाली पंधरा मिनिटं उभी राहिले. आत माणसं जात होती, कागद घेऊन बाहेर येत होती.

मी बाजाराकडं वळले. कांदे घेतले. डाळ घेतली. पत्र्याच्या ट्रंका टांगल्या होत्या त्या दुकानासमोर थांबले. भाव विचारला नाही. एकीची कडी वाजवून पाहिली.

२१ जुलै

सरांना सांगितलं, नक्कल देणारा बाबू रजेवर होता. सहज तोंडातून निघालं.

दुपारी नागाबाई आली. "म्या जाऊन बघू का, बाई? एक दिस खाडा पडंल, पडू द्या." मी म्हटलं, "तुम्हाला कोण दाद देणार तिथं? अर्ज लागतो, त्यावर सरकारी तिकीट लागतं. मी बघते." ती लगेच मानली. थोडं भांडली असती तर बरं झालं असतं.

बुद्धवाड्यातली आहे म्हणून जळते का मी? स्वतःला विचारलं. सरांची मुलगी असती तरी जळले असते. पण तिची नक्कल आणली असती का? आणली असती. हे लिहून बघितलं आणि खोडावंसं वाटलं. राहू दे.

२४ जुलै

पंचफुलाला विचारलं, वसतिगृहात करमेल का? म्हणाली, "हाव, करमंल. तिथं पाण्याला रांग न्हाई ना." शैलाला विचारलं. ती म्हणाली, "पंचफुली येणार असेल तर."

जागा एकच आहे हे तिला समजावलं नाही.

२६ जुलै

गेले नाही. सरांना म्हटलं, अंगात कणकण आहे. हळदीचं दूध घेतलं. ताप नव्हता.

३० जुलै

सर हताश झाले. "उद्या शेवटचा दिवस. रजिस्टरात हाय तसा उतारा लिहा. वर एक विनंतीपत्र जोडू." विनंतीपत्र त्यांनीच लिहिलं, चांगलं लिहिलं. उतारा मी लिहिला. नाव, आईचं नाव, जन्मतारीख. त्यात एक अक्षर खोटं नाही. रजिस्टरात आहे तेच उतरवलं. कुणीही येऊन ताडून बघावं.

दोन उतारे एका पाकिटात घातले. पहिला पंचफुलाचा, खाली शैलाचा. डिंक मीच लावला.

९ ऑगस्ट, शनिवार

उत्तर आलं. पंचफुला वयाच्या अटीनं अपात्र. शैलाची निवड. २० तारखेच्या आत दाखला घेऊन हजर व्हायचं.

मला आनंद झाला! झाला, कसा नाही होणार? रस्त्यानं येताना पाय जमिनीवर नव्हते. मुखेडला माहेरी पत्र टाकलं. ट्रंक आणली. ह्यांनी शैलाचं नाव रंगवून घेतलं झाकणावर.

शैला ट्रंकेकडं बघायलाही आली नाही. म्हणाली, "ही तर पंचफुलीची जागा हाय." मी म्हटलं, सरकारनं ठरवलं, मी नाही.

११ ऑगस्ट

'आमचे गुणवंत'. चारही रंगीत खडू वापरले. कडेनं वेल काढली, कोपऱ्यात कमळ. तिचं नाव पुसून त्या जागी शैलाचं लिहिलं. नवी बातमी आली की जुनी पुसायची, पद्धतच आहे. फळा केवढासा असतो?

सर बराच वेळ फळ्यासमोर उभे होते. "खडू मिळाले वाटतं," एवढंच म्हणाले.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन झालं. जिल्ह्याला चार वर्षं झाली म्हणून सरपंचांचं लांबलचक भाषण. पाऊस नाहीच. टँकर दोन दिवसांनी येणार म्हणून पोरांना पाणी घरून आणायला सांगितलं होतं.

सत्कारात पंचफुलाला कंपासपेटी. शैलालाही तीच. टाळ्या पंचफुलाला जास्त पडल्या. अजूनही! जागा हातात असून मी त्या टाळ्या मोजत होते. कशाची बनलेय मी?

नंतर नागाबाई भेटली. हमीचं काम बंद पडलंय. सोमवारी सगळे नांदेडला, विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावर निघालेत. पोरीचा दाखला मागत होती. म्हटलं, तिथं शाळेत घालणार ना? "घालू की, बाई. धाकट्याला कोण बघंल ते बघावं लागंल आधी." मग पदरातून मूठभर शेंगा काढून शैलाच्या हातात दिल्या. "लई शिक माय. बाईचं नाव काढ."

ती पुढं गेल्यावर पंचफुला मागं राहिली. कंपासपेटी छातीशी धरलेली.

"बाई, मी ल्हान असते तर घेतलं असतं का?"

"हो."

"मंग मी मोठी कवा झाले?"

मी म्हटलं, जा, आई वाट बघतेय.

१८ ऑगस्ट, सोमवार

दोघींचे दाखले लिहिले. रजिस्टरात दोघी एकाच पानावर आहेत, एकीखाली एक, एकाच दिवशी माझ्या हातानं लिहिलेल्या. पंचफुलाची तारीख मी अंदाजानं लिहिली होती. शैलाची नाही. शैला नोव्हेंबर ७४ ची. वर्गात सगळ्यांच्या पुढं राहावी म्हणून मी तिला एक वर्ष घरी ठेवलं आणि रजिस्टरात नोव्हेंबर ७५ लिहिलं. हे ह्यांच्याशिवाय कुणाला माहीत नाही, या वहीलाही आज सांगतेय. वयानं बाद होणारी मुलगी माझी होती. आणि वर्षानं मोठी असूनही ती पंचफुलाच्या मागंच राहिली.