बैलगाडीखालची सावली

आये, तुझ्याशी बोलायला आता मला कागद लागतो. नोकरी संपली, सांगलीत लेकीकडे राहते. सगळं लिहून काढ, त्याचं पुस्तक करू, बरं वाटेल, असं ती सारखी म्हणते. लिहायला बसले की मी माणदेशातल्या त्या तलावाच्या कामावर येऊन पोचते, आणि पुढं हात चालत नाही.

दुष्काळाचं साल. आपली मेंढरं आधीच मेलेली. तू रोजगार हमीवर मातीच्या पाट्या वाहतेस, मी लहानशी पाटी घेऊन तुझ्या मागं. धाकटी बैलगाडीखाली पटकुरावर निजलेली. माळावर एक झाड नाही. दुपारी सावली सरकली, ते बांधावरून आपल्या दोघींना दिसलं नाही. तू पाजायला उतरलीस तेव्हा ती उन्हात होती. अंग तापलेलं आणि आवाज नाही.

तिला माळावरच पुरलं. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा कामावर, कारण घरात मूठभरही धान्य नव्हतं. मला मात्र नेलं नाहीस. म्हणालीस, "तू साळंला जा. हितं परत पाय ठेवायचा न्हाई."

मी ठेवला, आये. तहसीलदार होऊन. ते बघायला तू नव्हतीस. तसाच तलाव, तशाच बाया, पोरं ट्रॅक्टरखाली निजवलेली. मी छप्पर घालायला सांगितलं. इंजिनिअर म्हणाले, सामान यायला आठवडा जाईल. मग तोवर मीही इथंच बसते, म्हटलं आणि भर उन्हात दगडावर बसले. दिवस मावळायच्या आत बांबू आले, चटया आल्या. पुढं ज्या कामावर गेले तिथं आधी पोरांची सावली पाहिली. लोकांनी सत्कार केले. हार गळ्यात असायचा आणि आत नुसती आग. प्रत्येक छपरात मी आपलंच बाळ शोधत होते. ते कुठंच नव्हतं.

परवा धाकटीचं ते पान कसंबसं लिहून झालं. लेकीनं वाचलं आणि हळूच विचारलं, "मावशीचं नाव काय होतं?"

मावशी. त्या पोरीला नात्यानं कुणी हाक मारल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. मी लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडले. मग कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकणार? वहीतच राहील. तिचं बारसं व्हायचं राहिलं होतं ना, आये. पुस्तकात मी तिला एक नाव दिलंय. तुला न विचारता.