जेवलेलं मूळ दार उघडत नाही

मालांग, मंगळवार, ३ मार्च २००९
दुपारी दोन वाजून दहा मिनिटे, कुंड्या पुसताना

ती. म्बाक वुर्यानी हिस,
धाकट्या भावाचा, सुगेंगचा सलाम. वि. वि. तू पाठवलेल्या आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आपलं तेंपे, बसवाल्याने पोचवलं, पण घशाखाली उतरत नाही.

आमच्या प्रयोगशाळेच्या बाई, बु रत्री, सोयाबीनची मुळं सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मातीतले जिवाणू मुळाशी आले की पेशीतलं कॅल्शियम वरखाली होतं आणि पडद्यावर ठिपका लुकलुकतो. म्हणजे मुळाने हाक ऐकली. मग ते गाठी करून जिवाणूंना घरात घेतं आणि ते त्याला हवेतलं नत्र खाऊ घालतात. शनिवारी पैसे देणारे पाहुणे हे पाहायला येणार आहेत. काल मात्र एकही ठिपका लुकलुकला नाही. असंच राहिलं तर काम बंद, असं बु म्हणाल्या. म्हणजे माझी नोकरीही.

म्बाक, दोष माझा आहे. बारा कुंड्या माझ्या ताब्यात. रोपं फार पिवळी दिसत होती. दारात कुणी आलं तर जेवलास का विचारल्याशिवाय आपल्याला राहवतं का? मी अकराही कुंड्यांना चिमूट चिमूट युरिया, म्हणजे आयतं नत्र, घातला. बुंना सांगू की नको?

लोभ आहेच, तो हे वाचल्यावरही राहावा.
सुगेंग

वाजाक, ४ मार्च

चि. सुगेंग यास, पोटभर आशीर्वाद.
गाढवा, पोट भरलेला माणूस दार उघडायला उठतो का? तुझे मेहुणे मास पर्नो बघ. दोन ताटं भात रिचवून आडवे झाले की दारात आपली आई ओरडत असली तरी हलत नाहीत. आपल्या शेतात ज्या वाफ्यात खत जास्त पडलं, तिथे मुळांना गाठी धरल्याच नव्हत्या. विसरलास?

आणि बारांतल्या अकराच कशा जेवल्या? बारावी फोडलीस ना? लहानपणी माझी वाटी फोडून पलंगाखाली सारायचास. टेबलाखाली वाक. मग बुंना सगळं सांग. आधी सांग, मग रड.

माया आहे तेवढीच आहे, वाढवून मागू नकोस.
वुर्यानी

मालांग, ७ मार्च

ती. म्बाक हिस, सलाम. वि. वि. कुंडी टेबलाखालीच होती. तडा गेलेली, फडक्याने बांधलेली, रोप उपाशी. बुंना सगळं सांगितलं (आधी थोडा रडलो). त्यांनी एवढंच विचारलं की अजून काय काय फोडलं आहेस.

आज त्यांनी पाहुण्यांपुढे दोन मुळं शेजारी शेजारी ठेवली. जेवलेलं ढिम्म. उपाशी मुळाला जिवाणू भेटले, आणि थोड्या वेळाने ठिपका लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला. जणू आतून कुणी आलो आलो म्हणत होतं. टाळ्या पडल्या. नोकरी राहिली. युरियाच्या कपाटाची किल्ली मात्र बुंनी स्वतःच्या गळ्यात घातली आहे.

मास पर्नोंना सलाम. त्यांना वाईट बोलू नकोस.
सुगेंग

वाजाक, १० मार्च

चि. सुगेंग यास, आशीर्वाद.
पत्र मिळताच मास पर्नोंचं दुसरं ताट बंद केलं. आज दारावर थाप पडली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ते टुणकन उठले. दारात शेजारीण. हातात त्यांच्यासाठी आणलेला गरम भात.

तिला घरात घ्यायचं की नाही, ते तुझ्या बुंना विचारून कळव.
वुर्यानी