शिळेवरची बारावी ओळ

४ नोव्हेंबर
धम्मदीप, लिहायला उशीर झाला, रागावू नको. सुट्टीवरून परत पलटणीत जाताना तू ही वही दिलीस, रोज चार ओळी लिहा म्हणालास, आणि पहिलं पान आज उघडतो आहे. एक तारखेपासून आर्णी रोडवरच्या शहीद उद्यानात राखणदार म्हणून लागलो. खोली चांगली आहे, नळाला पाणी येते, बोगनवेल फुलली आहे. मधोमध काळी शिळा. तिच्यावर अकरा जवानांची नावं, प्रत्येकापुढे वीरमरणाची तारीख. बारावी ओळ कोरी. शिळा मी रोज ओल्या फडक्याने पुसतो.

७ नोव्हेंबर
वाचनालयाच्या निशिगंधाताईंनी परवा मोबाईलवर ज्ञानकोश दाखवला. त्यातला लेख कोणीही सुधारू शकतो म्हणे. आपल्या उद्यानावर दोनच ओळी, त्याही चुकीच्या. नावं नऊ, जागा पुसदजवळ. दर २६ जानेवारीला इथे हार घालून फोटो काढणाऱ्यांपैकी एकालाही ते दिसलं नाही. चौथी शिकलेल्या म्हाताऱ्याने दुरुस्त केलं. अकराही नावं तारखांसकट टाकली, एका बोटाने. दोन दिवस लागले.

१० नोव्हेंबर
एक आगाऊपणा केला. अकरा नावांखाली तुझं नाव टाकलं. नोकरीत असलेल्यांची वेगळी यादी करणं मला जमेना, म्हणून त्याच यादीत. तारखेच्या जागी लिहिलं, हयात. बापाला वाटते रे.

१२ नोव्हेंबर
कोणीतरी ‘हयात’ शब्द काढला. कारण दिलं, संदर्भ नाही. मी परत टाकला, त्याने परत काढला. निशिगंधाताई हसून म्हणाल्या, किसनकाका, तुमच्या पेन्शनसारखा त्याच्याही हयातीचा दाखला जोडा ना. मी जिवंत आहे हे मला दर नोव्हेंबरात कागदावर दाखवावं लागते. तुझा कागद कोण देणार? उद्या नावच काढून टाकतो.

१३ नोव्हेंबर
काढायला उशीर झाला. सकाळी श्रावण पाथरवट बाराव्या ओळीवर छिन्नी चालवत होता. तुझं नाव पूर्ण कोरून झालं होतं. मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, बाबा, कचेरीतून कागद येते ते मी कोरतो, काहून ते इचारत नाही. तारीख नाही दिली त्यायनं, आली का टाकीन.
उद्यानाच्या कचेरीत गेलो. साहेबांनी यादी लेखातूनच उतरवली होती. म्हणाले, पोराचं नाव दगडात आलं, पेढे वाटायचे सोडून रडता काय. काढायचं तर ठराव लागतो.

१५ नोव्हेंबर
लेखातून तुझं नाव काढलं. तासाभरात परत आलं. आता संदर्भ आहे. शिळा. सोबत शिळेचा फोटो.

१७ नोव्हेंबर
बाराव्या ओळीत तारीख आली आहे. २० नोव्हेंबर, यंदाचं साल. श्रावणला फोन केला. तो तीन दिवसांपासून पुसदला बहिणीकडे आहे, आईची शपथ घेतो. आणि ते कोरीव ताजं नाही, धम्मदीप. आकड्यांच्या खाचेत जुनं काळं शेवाळ आहे, बाकीच्या अकरांसारखं. मी ती शिळा रोज पुसतो, काल ती जागा कोरी होती.

१८ नोव्हेंबर
तुझा फोन लागत नाही. चौकीवर रेंज नसते, तूच सांगितलं होतं. आठ-आठ दिवस लागत नाही. तरी —

१९ नोव्हेंबर
हातोडा घातला. दगडावर ओरखडा नाही. माझं मनगट मात्र —
लेखातही तारीख आली. संदर्भ शिळा. ‘हयात’ लिहिलं. काढलं. लिहिलं. काढलं —

२० नोव्हेंबर
दुपार. फाटकाशी हिरवी गाडी थांबली. दोघं उतरले, टोप्या हातात — किसनराव कोण, विचारत आहेत —
‘हयात’ आत्ताच लिहिलं आहे. अजून कोणी काढलं नाही. तू नुसता एक मिस कॉल दे, तेवढाच संदर्भ पुरे — लवकर कळव, ते इकडेच येऊन राह्यले, मी त्यांना सांगतो की तू