बॅटरीचं पाणी

वाघोली, ६ मे २०२५, सकाळी १०.२०
(ग्लासातल्या ढेकळाकडे बघत)

ती. शालूताईस साईनाथचा सा. न.

फोनवर तू लगेच सरपंच होतेस, म्हणून भैरूच्या दूधगाडीबरोबर पत्र पाठवतो. पाझर तलावाच्या बांधासाठी काढलेली माती इथल्या प्रयोगशाळेत तपासली. शुद्ध पाण्यात टाकताच ढेकळाभोवती धुरासारखा गढूळपणा पसरला. अशा मातीचा बांध आतून पोखरला जातो, आणि खाली आपली वस्ती आहे. शंभर किलो मातीत तीन किलो चुना मिसळून एक दिवस मुरू द्यायचा, मगच रोलर. मी तीनदा पाहिलं. डबा वेळेवर खातो.

तुझ्या मायेतला,
साईनाथ

माळेवस्ती, ८ मे

चि. साईनाथास आशीर्वाद.

तुझं ऐकून ग्रामसभेत ढेकूळ विहिरीच्या पाण्यात टाकलं. तासभर पाणी नितळ! ठेकेदार संपतराव म्हणाले, बारावी नापास, प्रयोगशाळेत काचा विसळणाऱ्या भावाच्या शब्दावर गाडीभर चुना आणायचा का? सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. सोमवारी रोलर येतोय. काय ते नक्की कळव.

तुझी ताई

वाघोली, ९ मे, सकाळी ७.०५
(काचा विसळायच्या आधी)

ती. ताईस सा. न.

हसलीस ते ठीक. पण चूक पाण्यात आहे. आपल्या विहिरीचं पाणी क्षाराचं, त्याने माती धरून ठेवली. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात. मी बाटली पाठवली तर संपतराव म्हणतील, भावाने काहीतरी मिसळलं. त्यांनी रोलरच्या बॅटरीसाठी आणलेलं पाणी घे, त्यातही क्षार नसतात. दोन ग्लास. एकात साधं ढेकूळ, दुसऱ्यात सोबतचं चुना मुरवलेलं. टाकायचं त्यांनीच. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख अपेक्षा मॅडमनी सही केलेला अहवालही जोडलाय. मागे हटू नकोस.

रागावलीस तरी माझीच ताई राहा.
साईनाथ

माळेवस्ती, १५ मे

चि. साईनाथास आशीर्वाद.

सोमवारी संपतरावांनी आपल्या हाताने दोन्ही ढेकळं टाकली. चुन्याचं तसंच बसून राहिलं. साध्याने पाणी चहासारखं गढूळ केलं. मग त्यांनीच रोलरवाल्याला खाली उतरायला सांगितलं. चुना काल आला. शनिवारी मिसळायला सुरुवात. वजन करायला तूच हवास, असं संपतराव म्हणाले. "काचा विसळणारा" म्हणाले नाहीत, "साहेब" म्हणाले. फुगू नकोस. टोपी घेऊन ये, ऊन आहे.

तो ग्लास पंचायतीच्या टेबलावर ठेवलाय. आज चौथा दिवस. पाणी अजून निवळलेलं नाही.

वाट बघणारी,
ताई