चाकोरीचे मार्क

तीर्थरूप मावशी,

वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? काकांचा खोकला गेला का? त्यांनाही नमस्कार सांग, पण सहज सांगितल्यासारखा, नाहीतर म्हणतील, समोर आली की हिच्या तोंडाला कुलूप आणि पत्रात बघा कशी. आम्ही इकडे सगळे बरे आहोत. म्हणजे आई बरी आहे, दादा बरा आहे, मी घाबरलेली आहे. तू म्हणशील त्यात नवीन काय. पण मावशी, नेहमी मी उगाच घाबरते, या खेपेला कारण आहे. ऑफिसातल्या बाकावर बसून लिहितेय.

तू आईला विचारत होतीस ना, पोरगी कामाला जाते म्हणजे नक्की करते काय. तर मी रस्त्यांना मार्क देते. (मला कोणी कधी धड दिले नाहीत ते सोड. नववीत तर 'हजर' म्हणायला आवाज फुटायचा नाही, म्हणून पहिल्या बाकावर बसून वर्षभर गैरहजर होते.) आमची जीप रस्त्याच्या कडेने बैलगाडीसारखी चालते, मागून ट्रकवाले भोंगे मारतात, आणि प्रत्येक भोंग्याला मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेते. पुढे मोजणीदार बसतात. ते बघून बोलतात, भेगा तीन, खड्डे दोन, आणि मी मागे बसून फॉर्म भरते. शून्य ते पाच. अर्ध्या किलोमीटरला एक ओळ. मग ऑफिसात मॅडम सगळ्या ओळींची बेरीज करतात, आणि ज्या रस्त्याचे मार्क जास्त, त्याची दुरुस्ती आधी. मार्क जास्त म्हणजे रस्ता आजारी. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर आज ही वेळ आली नसती, पण मी विचारलंच नाही. विचारायचं म्हणजे तोंड उघडायचं.

मॅडमचं सांगते. बाई वाईट नाहीत. पण त्यांच्या टेबलावर एक घंटी आहे, ती वाजली की मी हातातलं टाकून उभी राहते, बोलावलेलं शिपायाला असतं. आणि त्या चष्म्याच्या वरून बघतात. चष्म्यातून बघितलं तर माणूस दिसतो, वरून बघितलं की माणसाच्या चुका दिसतात, असं मला वाटतं.

तर गेल्या आठवड्यात काय झालं, मोजणीदारांची दाढ सुजली. गाल असा की आरशात मावेना. बोलता येईना म्हणून ते बोटं दाखवायचे, भेगांची उजव्या हाताने, खड्ड्यांची डाव्या. म्हणजे गाडीत एक तोंड सुजलेला आणि एक तोंड नसलेली. ड्रायव्हर म्हणाला, "आज गाडी चालवतोय की फोटो वाहून नेतोय?" फॉर्मवर शेवटचा एक रकाना असतो, 'चाकोरी'. मी पेन तिथे टेकवून मोजणीदारांकडे बघितलं. त्यांनी गाल धरला आणि हात झटकला, तूच भर म्हणून.

आता मावशी, तूच सांग, चाकोरी म्हणजे काय? आमच्या हेडबाई प्रत्येक सोमवारी सांगायच्या, मुलींनो, चाकोरी सोडू नका. म्हणजे सरळ वागा, रांगेत चाला. मला वाटलं, प्रगतिपुस्तकात सगळे विषय संपले की शेवटी 'वर्तणूक' असते, तसंच हे. भेगा आणि खड्डे झाले, आता रस्त्याचं वागणं कसं आहे ते लिहा. मी इतकं मन लावून बघितलं गं. कोर्टासमोरच्या रस्त्यावर गाड्या कशा एकामागे एक, कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. दिले पाच. तळ्याकडचा एक बारीकसा रस्ता होता, त्याच्याकडे बघून दया आली, त्याला दोन दिले उत्तेजनार्थ. आणि टेकडीचा उतार, तुमच्या घराकडे येतो तो, तिथे गाड्या झिंगल्यासारख्या चालत होत्या. एक डावीकडे सरकतेय, एक मधूनच उजवीकडे. म्हटलं, काय ही वागणूक. दिला शून्य. खाली रेघही ओढली.

काल आम्ही पुन्हा त्या उतारावरून आलो. ड्रायव्हरने दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळलं आणि मोजणीदारांना म्हणाला, "ही बघा चाकोरी. अवजड गाड्या ब्रेक मारून मारून डांबर दाबतात. चाक एकदा आत गेलं की बाहेर येत नाही. पाणी साचलं की गाडी तरंगते, ब्रेक दाबा नाहीतर देवाचं नाव घ्या."

मावशी, माझ्या हातातला फॉर्म मलाच वाचता येईना. चाकोरी म्हणजे चाकांनी पाडलेला चर. त्या उताराला भेग नाही, खड्डा नाही, दुखणं होतं ते एवढंच, आणि त्याच्यापुढे मी शून्य लिहून ठेवला. मोजणीदारांच्या सुजेत तो तपासला गेला नाही. आता यादीत कोर्टासमोरचा गुळगुळीत रस्ता पहिला आलाय, तो खरवडून नवा करणार. उतार सगळ्यात शेवटी, 'ठणठणीत' म्हणून. आज पाच वाजता यादी मोठ्या साहेबांकडे सहीला जाते. सही झाली की पाच वर्षं त्या उताराकडे कोणी ढुंकून बघणार नाही.

सांगायचं म्हणून सकाळी मॅडमच्या दारात गेले. 'मॅडम' एवढं निघालं. त्या न बघता म्हणाल्या, चहा नको. मी बाहेर आले. पुन्हा गेले, तर म्हणाल्या, "अगं, नको म्हटलं ना, किती आग्रह करशील?" मग चिठ्ठी लिहिली, 'चाकोरी उलटी झाली' आणि टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली, शिपायाला बोलावलं आणि म्हणाल्या, कोणाला उलटी झालीय बघ, फिनेल टाक. शिपाई अजून सगळ्यांना विचारत फिरतोय. मोजणीदारांना सांगावं तर ते दाढ काढायला गेलेत. नोकरी जाईल ही भीती आहेच. आईला काय सांगू ही पण आहे. पण मघापासून डोळ्यांसमोर तो उतारच येतोय.

बाकी सगळं ठीक. पत्राचं उत्तर सवडीने पाठव. लहानांना पापा.

तुझी,
(अक्षरावरून ओळखशीलच)

ता. क. काकांना सांग, शाळेची व्हॅन उद्यापासून उतारावरून नेऊ नका, नाक्यावरून वळसा घाला. कारण विचारलं तर सांग, स्वप्न पडलं. माझं नाव नको.

ता. क. २. मावशी, हे पत्र तुला मिळेल तेव्हा आधी कोणीतरी वाचलेलं असेल. रागावू नकोस. मला तुझ्याशीच असं बोलता येतं, म्हणून तुला लिहिलं. पाकीट न चिकटवता मॅडमच्या ट्रेमध्ये, यादीच्या वर ठेवतेय.

ता. क. ३. मॅडम, चष्म्याचं आणि घंटीचं लिहिलंय ते मावशीसाठी होतं. पाच वाजायला वीस मिनिटं आहेत. काकांच्या व्हॅनमध्ये चौदा मुलं असतात. मी बाहेर बाकावरच आहे. बोलवलंत तर येईन. आवाज फुटला नाही तर कुठल्या ओळी चुकल्या त्या बोटाने दाखवेन, मला सगळ्या पाठ आहेत.